खट् आवाजाचा माग : धारूरचा घाट, जीप आणि चारही चाकांची ओढ

बीड जिल्ह्यातले धारूर हे तालुक्याचे गाव बालाघाटाच्या पठारावर, डोंगराच्या कडेशी वसले आहे. गावातून उत्तरेला निघालेला रस्ता घाट उतरून तेलगाव-माजलगावकडे, म्हणजे सिंदफणा आणि गोदावरीच्या खोऱ्यात जातो. दक्षिणेचा रस्ता पठारावरून केजकडे जातो. आजचा खामगाव–पंढरपूर राष्ट्रीय महामार्ग याच वाटेने गेला आहे. घाटातल्या वाहनाला एकाच फेरीत दोन उलट प्रकारचे भार सोसावे लागतात. चढावर इंजिन चाकांना ओढते, उतारावर चाके इंजिनाला ढकलतात, आणि वळणावळणावर गिअर बदलताना ही दिशा पुन्हा पुन्हा पालटते. इंजिनापासून चाकापर्यंतच्या साखळीत कुठेही झीज झाली असेल, तर प्रत्येक पालटीला ती ‘खट्’ असा आवाज करून सांगते. हा आवाज ऐकून झीज नेमकी कुठे आहे ते ओळखण्याची विद्या धारूरसारख्या गावांत बैलगाडीपासून जीपपर्यंत आणि जीपपासून आजच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने घडत आली.

किल्ला, घाट आणि बैलगाडी

धारूरचे महत्त्व घाटामुळेच. वरचे पठार आणि खालचे खोरे यांच्यातली वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती दोन्हीकडची रसद, हे दख्खनच्या सत्तांना पुरते ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने येथे किल्ला बांधला. आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात त्यासाठी झुंज झाली. पुढे १६३१ मध्ये मोगल सेनानी आझमखानाने तो घेतला. मोगल काळात धारूरला फतेहाबाद हेही नाव होते. तोफा, दारूगोळा, धान्य या साऱ्याची ने-आण त्या काळी बैल आणि गाडे यांच्याच बळावर चाले, आणि घाटात गाडा मोडला की मागची सारी रांग खोळंबे.

बैलगाडीच्या चाकाची रचना या विषयाच्या मुळाशी आहे. गाडीचा आख फिरत नाही. त्याच्या दोन टोकांवर दोन चाके एकमेकांवर अवलंबून न राहता फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. तरी दोघांत ताण येत नाही, कारण ओढ चाकांतून येतच नाही, ती जुवातून येते. झीज होते ती मुख्यतः तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात. वंगण संपले की लोखंडावर लोखंड घासते, तुंब्यातले भोक मोठे होते आणि चाक डुगडुगू लागते. गाडीवान चाक वर-खाली धरून हलवत असे, आणि हाताला किती खेळ लागतो त्यावरून सुतार-लोहाराकडे जायचे की नुसते वंगण घालायचे हे ठरवी. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवणे ही हबच्या बेअरिंगची आजची तपासणीही त्याच रीतीची आहे.

मोटार आली, ओढ चाकांत गेली

मोटारीने ही मांडणी उलटी केली. ओढ आता चाकांमधूनच येऊ लागली आणि त्यासाठी दोन नव्या गोष्टी लागल्या. पहिली म्हणजे डिफरन्शियल. एकाच एक्सलवरच्या दोन चाकांना ओढ देतानाच त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दात्यांची योजना फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी मांडली. दुसरी म्हणजे वाकत्या कोनातून फेरे पोचवणारा सांधा, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. त्याची कल्पना सोळाव्या शतकातल्या कार्दानोच्या नावाशी जोडली जाते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तिचा अभ्यास केला. आणि अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर याने १९०३ मध्ये बंदिस्त, वंगण टिकवणाऱ्या सांध्याचे पेटंट मिळवून तो मोटारीत रूढ केला.

या सांध्याचा एक स्वभाव मेकॅनिकला पक्का माहीत असावा लागतो. सांधा सरळ असेल तर दोन्ही बाजूंची गती एकसारखी राहते. कोन वाढला की एका फेऱ्यात दोनदा पुढची बाजू वेग घेते आणि दोनदा मंदावते. २० अंशांच्या कोनात हा फरक दोन्हीकडे सुमारे ६ टक्के असतो. म्हणून इंजिनाकडची ओढ एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस बसवतात आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत ठेवतात, म्हणजे एकाने केलेली चढ-उतार दुसरा भरून काढतो. शाफ्ट खोलून पुन्हा जोडताना स्प्लाइन एखाद-दोन दात्यांनी चुकली तर क्रॉस नवे असूनही गाडी थरथरते. खोलण्यापूर्वी छिन्नीची किंवा रंगाची खूण करून ठेवण्याची शिस्त त्यासाठीच आहे.

मोटारी आल्या तेव्हा बीडचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानात निजाम रेल्वेच्या मार्ग-परिवहन खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि मराठवाड्याची बससेवा १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात मिसळली. एसटीचे आगार धारूरलाही झाले. डेपोच्या कार्यशाळेत ठरावीक किलोमीटरनंतर ग्रीस, ठरावीक मुदतीनंतर ऑइल अशी शिस्त असे. खासगी गॅरेजातले काम मात्र गाडी आवाज करू लागल्यावरच सुरू होई, आणि आवाजावरून दोष ओळखण्याची खरी परीक्षा तिथेच होती.

जीप

चारही चाकांना ओढ देण्याची कल्पना जुनी आहे. हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये अशी मोटार दाखवली होती. पण ती घराघरांत पोचवली दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने. सप्टेंबर १९४० मध्ये बँटम कंपनीने अमेरिकी सैन्याला पहिला नमुना दिला, आणि पुढे विलिस व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४७ पासून सुट्या भागांतून विलिस जीप जोडायला सुरुवात केली.

मराठवाड्याच्या खेड्यात जीप आली ती मुख्यतः सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही विकासाची ओळखच बनली. १९७२ च्या दुष्काळात टंचाईच्या कामांवर पोचायलाही तीच उपयोगी पडली, कारण बालाघाटाच्या वाड्या-तांड्यांपर्यंत पक्के रस्ते नव्हते. सरकारी मुदत संपलेल्या गाड्या लिलावात निघत, खासगी मालकाकडे जात आणि आणखी कित्येक वर्षे चालत. गॅरेजात येणारी जीप बहुधा अशी जुनी, अनेक हातांतून गेलेली असे.

तिची रचना साधी आणि उघडी होती. गिअरबॉक्सच्या मागे स्पायसर १८ जातीचा ट्रान्सफर केस. त्यातून एक शाफ्ट मागे, एक पुढे. दोन शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोरव्हील घातली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. गिअर आणि फोरव्हीलच्या दांड्यांशेजारी तिसरा दांडा लो रेंजचा, म्हणजे वेग घटवून ओढ वाढवण्याचा. १९५० च्या दशकापासून भारतात बनलेल्या सीजे ३बी मध्ये पहिला गिअर सुमारे २.८, लो रेंज २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८ असे प्रमाण होते. तिघांचा गुणाकार सुमारे ३७. म्हणजे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ चाकांशी साधारण ३७ पट होऊन पोचतो. एवढ्या पिळाने एखादा झिजलेला सांधा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला आदळला, तर आवाज चेसीभर का घुमतो हे यावरून कळते.

१९७३ नंतर तेलाच्या किमती कडाडल्या आणि कित्येक जीपमधली पेट्रोल इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. १९८५ च्या सुमारास कंपनीनेच पेजो बनावटीच्या डिझेल इंजिनाची एमएम ५४० आणली. डिझेलच्या धक्क्यांची धार पेट्रोलपेक्षा तीव्र असल्याने तीच झीज अधिक ऐकू येऊ लागली. स्थानिक पातळीवर इंजिन बदलताना माउंटिंगची उंची किंवा जागा जराशी जरी हलली, तरी शाफ्टचा कोन बदले आणि क्रॉस लवकर जाई. अशा गाडीत क्रॉस पुन्हा पुन्हा बदलणे व्यर्थ असते. आधी माउंटिंग सारखे करावे लागते.

१९९० च्या दशकात काळी-पिवळीचा जमाना आला. कमांडर, मार्शल अशा लांब चेसीच्या, बहुतेक फक्त मागच्या चाकांना ओढ असलेल्या जीपनी खेड्यापाड्यांची वाहतूक पेलली. परवान्याहून कितीतरी जास्त माणसे, टपावर ओझे, दर थांब्याला क्लच आणि वर घाट. या वापराने कमानीचे (लीफ स्प्रिंगचे) बूश, शॅकल, क्रॉस आणि डिफरन्शियल यांची झीज एरवीपेक्षा लवकर झाली. गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली पाना देणारी मुले या गाड्यांवरच शिकली. त्यांतल्या काहींनी सरकारी आयटीआयमध्ये दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केला. बाकीच्यांची शाळा गॅरेज हीच होती.

आवाजाचा माग काढण्याची रीत

गॅरेजातली चांगली रीत एका क्रमाने चालते, आणि तिची सुरुवात विचारण्यापासून होते. आवाज क्लच सोडताना येतो की ॲक्सिलरेटर सोडल्यावर? पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना येतो की फक्त वळणावर? वेगाबरोबर वाढतो की खड्ड्यात गेल्यावर एकदाच वाजतो? ओढीची दिशा बदलताना एकदा येणारा ‘खट्’ झिजलेल्या सांध्याचा किंवा दात्यांचा असतो. चाकाच्या फेऱ्याबरोबर नियमित येणारी ‘टक्-टक्’ तुटलेल्या दात्याची किंवा बेअरिंगची असू शकते. खड्ड्यात येणारा आवाज बहुतेक वेळा ओढीच्या साखळीचा नसतोच. तो कमानीचा, शॉकचा किंवा बॉडीच्या बोल्टचा असतो.

यानंतर सोप्या गोष्टी आधी वगळतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग फाटले असेल तर ओढीबरोबर अख्खे इंजिन उचलले जाऊन आपटते. बॉनेट उघडे ठेवून, ब्रेक दाबून, क्लच अलगद सोडला की ते डोळ्यांनी दिसते. कमानीचे यू-बोल्ट ढिले असतील किंवा सेंटर बोल्ट तुटला असेल, तर एक्सल कमानीवर सरकतो आणि डिफरन्शियल फुटल्यासारखा आवाज येतो. डिफरन्शियलमधली मुख्य दात्यांची जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, नवी घालूनही आवाज जात नाही अशा तक्रारीचे मूळ अनेकदा या दोन बोल्टांत असते.

मग माणूस गाडीखाली जातो, आणि येथे जीपची एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. मागचा शाफ्ट काढला तर हँडब्रेकला धरायला काहीच उरत नाही. म्हणून सपाट जागा, बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि जॅकऐवजी भक्कम घोडी हे नियम घाटातल्या गावात तर कधीच मोडू नयेत.

गिअर न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक सोडून, प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळतात आणि नजर क्रॉसवर ठेवतात. योकचा एक काटा हलला आणि दुसरा क्षणभर मागे राहिला, तर प्ले, म्हणजे खेळ, क्रॉसमध्ये आहे. कपाच्या कडेला लालसर, गंजाची बारीक भुकटी दिसली तर आतल्या सुया ग्रीसविना सुकल्या आहेत असे खुशाल समजावे. काढलेला क्रॉस नीट पाहिला तर त्याच्या चकचकीत खुंटीवर सुयांच्या मापाच्या समांतर खाचा दिसतात. त्या नखालाही जाणवतात. अशा क्रॉसला ग्रीस मारून आवाज काही दिवस दबतो, झीज मात्र तशीच राहते. पुढची जागा स्लिप योकची. शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारे हे दाते सुकले की गाडी निघताना किंवा थांबल्यावर लगेच एक ‘खट्’ येतो. तो मात्र पुष्कळदा ग्रीसने थांबतो.

क्रॉस घट्ट आहेत आणि तरीही शाफ्ट हातात बराच फिरतो, तेव्हा प्रश्न डिफरन्शियलपर्यंत पोचतो. येथे थोडे गणित उपयोगी पडते. क्राउन आणि पिनियन यांच्या दात्यांत ठेवायची फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या क्राउनवर ०.२ मिलिमीटर म्हणजे एका अंशाच्या आठव्या-नवव्या भागाइतके फिरणे, ५.३८ च्या प्रमाणाने शाफ्टवर ते जेमतेम अर्धा-पाऊण अंश दिसते. शाफ्ट हातात त्याच्या कितीतरी पट फिरत असेल, तर सगळा दोष क्राउन-पिनियनचा धरू नये. डिफरन्शियलमधले छोटे गिअर, त्यांच्या वॉशर आणि एक्सलचे दाते यांचा प्ले त्यात मिसळलेला असतो, आणि चाकाकडचा एक अंश शाफ्टवर पाचपट होऊन दिसतो. दोन्ही चाके जखडून शाफ्ट पिळला आणि एक्सलच्या टोकाकडे नजर ठेवली तर हे हिस्से वेगळे करता येतात. शेवटी ऑइल काढून पाहतात. राखाडी, मऊ लगदा ही वयाची झीज. टोकदार चकत्या म्हणजे दाता तुटला आहे.

पुढचा एक्सल तपासायला जीपची रचनाच मदत करते. फोरव्हील काढून गाडी चालवली आणि आवाज गेला, तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये, पुढच्या डिफरन्शियलमध्ये किंवा पुढच्या चाकांच्या सांध्यांत आहे. स्टिअरिंग पूर्ण कापून हळू चालवताना येणारी कट्-कट् पुढच्या सांध्याची. किंग पिनचे बेअरिंग गेले असेल तर आवाजाबरोबर स्टिअरिंगही थरथरते.

दोष नसलेला दणका

चारही चाकांच्या गाडीचा एक आवाज झिजेचा नसून वापराचा असतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठे वर्तुळ कापतात. दोन शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतील तर हा फरक कुठेतरी मुरवावा लागतो. चिखलात किंवा मुरमाड वाटेवर चाके थोडी घसरून तो मुरवतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. मग एक्सल आणि शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, फोरव्हीलचा दांडा अडकतो, आणि एखादे चाक अचानक सुटून दणका बसतो. डांबरी घाटात फोरव्हील घालून वळणे घेतली की हेच होते. उपाय एवढाच की गाडी थोडी मागे घेऊन पीळ सोडवावा आणि फोरव्हील काढावी. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे किंवा एक नवे आणि एक गुळगुळीत असे टायर घातले तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ भरतो. म्हणून अशा आवाजाची तपासणी टायर मोजण्यापासून सुरू व्हायला हवी.

जीपनंतर

ही अडचण दूर करण्यासाठी पुढच्या काळात दोन एक्सलच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल किंवा गरजेनुसार जोडणारे कपलिंग आले. ब्रिटनच्या जेन्सन एफएफने १९६६ मध्ये आणि जर्मनीच्या ऑडी क्वाट्रोने १९८० मध्ये कायम चारही चाकांची ओढ रस्त्यावरच्या मोटारीत आणली. भारतात १९८५ ची मारुती जिप्सी जीपसारखीच, हाताने घालायच्या फोरव्हीलची होती. ओढ आपोआप मागे पोचवणाऱ्या होंडा सीआर-व्ही, महिंद्र एक्सयूव्ही ५०० आणि रेनॉ डस्टर या गाड्या एकविसाव्या शतकात आल्या, आणि आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातून तालुक्याच्या गावांतही त्या पोचतात.

या गाड्यांत जुनी रीत थोडी बदलून वापरावी लागते. आवाज फक्त हळू वेगात, स्टिअरिंग कापलेले असताना येत असेल, तर आधी मागच्या डिफरन्शियलचे किंवा कपलिंगचे ऑइल पाहावे. सीआर-व्हीसारख्या गाडीत खास प्रकारचे ऑइल जुने झाले की मागची बाजू गुरगुरते आणि ऑइल बदलल्यावर पुष्कळदा शांत होते. व्हिस्कस कपलिंग असलेल्या गाडीत आतला द्रव वयाने बिघडला तर कपलिंग कायमचे जखडते आणि जीपच्या फोरव्हीलसारखा पीळ साठू लागतो. मधले बेअरिंग असलेल्या दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये त्या बेअरिंगचे रबर फाटणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष. जीपसारखा एक शाफ्ट काढून गाडी चालवून पाहण्याचा प्रयोग येथे कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच करावा, आणि दोनच चाके उचलून इंजिनावर फिरवणे तर टाळावेच, कारण कपलिंग जोडले गेले की जमिनीवरची चाके गाडीला घोडीवरून खाली ओढतात.

स्कॅनर लावला की सेन्सरचा दोष कळतो. क्रॉसमधली सुकलेली सुई किंवा ढिला यू-बोल्ट त्याला दिसत नाही. विचारणे, सोपे आधी वगळणे, हाताने पिळून पाहणे, प्लेचे हिस्से वेगळे करणे आणि मगच भाग बदलणे हा क्रम म्हणून नव्या गाडीलाही लागू पडतो. ज्या गॅरेजात हा क्रम पाळला जातो, तिथे मालकाचा पैसा अंदाजाने बदललेल्या भागांवर जात नाही, आणि घाट उतरणारी गाडी ब्रेक, शाफ्ट आणि एक्सल शाबूत असल्याच्या खात्रीने उतरते.